एकतीस नामांचा विराम

ज्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते अशा एका प्रश्नाला मी एकदा फार खात्रीने उत्तर दिले. ते ऐकणारा माणूस रोज चाळीस-पन्नास जीव गाडीत बसवून रस्त्याने नेतो, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही.

मानेवाड्याकडे आमच्या वस्तीत एक लहानसे दत्तमंदिर आहे. शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालो, तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तेथील सभामंडपात तासभर बोलतो. प्रवचन म्हणावे एवढा माझा अधिकार नाही. जे वाचले, जे गुरुजनांच्या मुखातून ऐकले, ते सोपे करून सांगतो. श्रोते पंधरा-वीस. बहुतेक पेन्शनर, काही गृहिणी, ज्यांचे हात ऐकता ऐकता वाती वळत असतात. त्यांतच एक पन्नाशीचे गृहस्थ नेमाने येत. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामगारांना नेण्या-आणण्याची बस ते चालवीत. त्यापूर्वी त्याच कारखान्यात कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. तेथील धुळीने छाती धरली, घरघर सुरू झाली, म्हणून त्यांना स्टिअरिंगवर बसविले गेले. देहाने भारदस्त, मान आखूड आणि जाड. खांबाला टेकून बसत आणि माझे मंगलाचरण संपण्यापूर्वीच त्यांची हनुवटी छातीला लागे. मला त्याचा कधी राग आला नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाला देवाच्या दारी झोप लागत असेल, तर ती देवाने दिलेलीच असणार, असे मी समजत असे.

त्या रविवारी विषय प्राणाचा होता. श्वास यत्नाने रोखणे निराळे आणि तो आपल्या आपण स्थिरावणे निराळे. पहिले साधकाच्या हातचे आहे, दुसरे त्याला दिले जाते, असे काहीसे मी सांगितले. प्रसाद वाटून झाल्यावर ते गृहस्थ चपला हातात धरूनच माझ्याजवळ आले.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा."

"माही बायको म्हणते का, झोपेत तुमचा श्वास थांबते. घोरता घोरता एकदम बंद! मंग म्हशीवानी फुसकारा मारून पुन्हा चालू. ते लय भेते. डॉक्टरले दाखवा म्हणून मांगं लागली हाय. तुम्ही आता जे सांगतलं, ते हेच का?"

मी त्यांना काही विचारायला हवे होते. दिवसा थकवा येतो का, सकाळी डोके जड असते का, एवढे तरी. मी काहीच विचारले नाही. कारण असे की, जे ते बोलत होते, ते माझ्याही घरात काही वर्षांपासून घडत होते, आणि त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून ठेवला होता.

पहाटे साडेचारला मी जपाला बसतो. अलीकडे असे होई की, माळेचे चार-पाच मणी सरकले की भान नाहीसे होई. किती वेळ गेला ते कळत नसे. मग छातीत एक हिसका बसे, खोल श्वास आत येई, आणि माळ मांडीवर घसरलेली दिसे. चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने मला एकदा सांगितले होते की रात्री झोपेतही माझा श्वास मधेच थांबतो. मी ही दोन टोके जुळविली आणि माझ्या मनात एक गोष्ट घट्ट झाली: जे यत्नाने साधले नाही, ते उतारवयात न मागता दारी आले आहे. तिला मी सांगितले, "अशा वेळी मला हलवू नकोस." तिने मान डोलविली. त्यानंतर हा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. कृपेची वाच्यता करू नये, असा संकेत आहे.

म्हणून त्या गृहस्थांचे बोलणे ऐकताना मला त्यांच्यात एक सहप्रवासी दिसला. मी म्हणालो, "भिण्याचे काही कारण नाही. पूर्वसंचित असेल. ज्याच्यासाठी लोक आयुष्यभर आसन घालून बसतात, ते कुणाला झोपेतही मिळते. घरी सांगा, त्या वेळी हलवू नये."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे मी बिना अभ्यासाचा पास!" असे म्हणून ते हसले, आणि माझ्या पायांवर डोके ठेवून गेले.

यानंतर साधारण तीन आठवड्यांनी मी माझ्या जुन्या दम्यासाठी धंतोलीच्या दवाखान्यात गेलो. तेथे वर्षानुवर्षे एक वयस्क डॉक्टर मला पाहत आले होते. छातीला नळी लावायची, यंत्रात फुंकायला सांगायचे, तोंडाने ओढायच्या पंपाचे औषध लिहून द्यायचे, असा त्यांचा क्रम होता. ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्याबरोबर पत्नी होती. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढताना त्या रामनवमीला मला सात ठिकाणी बसावे लागले होते, आणि ते सातही थांबे तिने लक्षात ठेवले होते.

आत जाण्यापूर्वीच आमच्या हाती एक छापील कागद आणि निळे बॉलपेन देण्यात आले. श्वासाच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा, असे काउंटरवरील मुलीने सांगितले. कागदावर छातीविषयी एकही प्रश्न नव्हता. सगळे झोपेविषयी.

बसून वाचताना डुलकी लागते का? मी लिहिले, "नाही." शेजारून पत्नीने ते वाचले आणि पदर तोंडाला लावला. दुपारी जेवणानंतर शांत बसल्यावर? मी लिहिले, "वामकुक्षी घेतो. ती डुलकी नव्हे." गाडीत शेजारी बसल्यावर? "क्वचित." मोठ्याने घोरता का? "स्वतःस ऐकू येत नाही." एका शिक्षकाला शोभतील अशी ती सगळी उत्तरे होती, नेमकी, आणि प्रश्न चुकविणारी. शेवटून दुसरा प्रश्न असा होता: झोपेत तुमचा श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का? तो रकाना मी कोरा ठेवला. असत्य लिहायचे नव्हते, आणि जे सत्य मानीत होतो ते तेथे लिहिण्याजोगे वाटले नाही.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी शिंप्याची असते तशी फीत काढून माझ्या गळ्याभोवती धरली.

"झब्ब्याचे माप घेता काय?" मी विचारले.

"झब्बा पुढच्या खेपेला शिवू, काका." त्या हसून म्हणाल्या आणि आकडा लिहून घेतला. मग कागदावरून नजर फिरवीत त्या कोऱ्या रकान्यापाशी थांबल्या. "हे राहिलंय."

मी चष्मा पुसू लागलो. त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिले. "काकू, तुम्ही सांगता का?"

"त्यांनाच विचारा ना," पत्नी म्हणाली. आमच्या घरी, आणि त्या पिढीच्या बहुतेक घरी, नवऱ्याचे उणे परक्यापुढे बोलायचे नाही अशी रीत आहे. ती रीत पाळताना तिने बावन्न वर्षे एकही शब्द कुठे सांडू दिलेला नाही.

"त्यांना कसं विचारू? ते तेव्हा झोपलेले असतात. जागं कोण असतं?"

 पदर सारखा करीत पत्नी म्हणाली, "मी."

"थांबतो श्वास?"

"थांबतो."

"साधारण किती वेळ?"

"अंधारात घड्याळ दिसत नाही. मी नाम घेते. बारा होतात, पंधरा होतात. परवा एकतीस झाली."

"एकतीस काय?"

"श्रीराम." तिने हे असे सांगितले की जणू वाण्याला शेर-पायली सांगावी. "श्वास थांबला की मी सुरू करते आणि आला की थांबते."

डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचे घड्याळ पुढे घेतले. "काकू, रात्री ज्या चालीनं म्हणता, त्याच चालीनं दहा वेळा म्हणा बघू."

माझ्या पत्नीने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत दहा वेळा नाम घेतले. त्यांनी घड्याळ पाहिले, मनाशी गुणाकार केला, आणि आकडा कागदावर लिहून त्याभोवती दोनदा वर्तुळ काढले. मग विचारले, "एवढा वेळ श्वास बंद असतो, आणि तुम्ही उठवत नाही?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "उठवायचं नाही, असं यांनी सांगितलंय."

आयुष्यभर मी वर्गात उभा राहून उत्तर चुकलेल्या मुलांकडे पाहत आलो. माझ्याकडे त्या दृष्टीने कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दम्याचा प्रत्येक पेशंट आम्ही आता असा चाळून घेतो, काका. दिवसाचा श्वास सगळे तपासतात. रात्रीचा कुणी विचारतच नाही, आणि ज्यांना ठाऊक असतं ते बाहेर बाकावर बसलेले असतात."

परतताना रिक्षात मी पत्नीला विचारले, "रोज जागी असतेस?"

"रोज नाही. एकादशीला तुमचा उपास असतो, तेव्हा बरं असतं."

"मग मोजायचे कशाला?"

ती रस्त्याकडे पाहत होती. "मोजत नाही हो. नाम चालू असलं की तो परत येतो, असं वाटतं. मी थांबले आणि तो आलाच नाही, तर मग कुणाला सांगू, की यांनीच उठवू नको म्हटलं होतं?"

चार वर्षे. मी ज्याला प्रसाद समजून उशाशी घेऊन झोपत होतो, त्याच्यापाशी ती रात्र-रात्र अंधारात धास्तावून बसत होती. आणि तिचे तोंड मीच बंद केले होते.

तपासणी एका रात्रीची होती, तीही घरीच. एक कर्मचारी संध्याकाळी येऊन छातीला पट्टा, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा लावून गेला. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. त्यावर एक रेषा होती. ती सरळ जाता जाता एकदम खाली कोसळत होती, मग वर येत होती, पुन्हा कोसळत होती. पानामागून पान तेच.

"घसा मिटतो," त्यांनी बोट ठेवून सांगितले. "मान जाड असली की जास्तच, म्हणून ती फीत. हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरून तुम्हाला क्षणभर जागं करतो. तुम्हाला ते आठवतही नाही. असं रात्रभर. दमा वेगळा आणि हे वेगळं, पण दोन्ही एकाच माणसात असले की एकमेकांना हात देतात."

मला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला मला लाज वाटत होती. तरी विचारली. पहाटेच्या जपाचे सांगितले. भान जाणे, हिसका, खोल श्वास, मांडीवर घसरलेली माळ. त्यांनी ते सगळे शांतपणे ऐकले.

"तुमच्या देवाबद्दल मी काय बोलणार, काका? माझा तो अभ्यास नाही. पण रात्रभर ज्याला झोप मिळालेली नाही, असा माणूस पहाटे डोळे मिटून स्वस्थ बसला, तर त्याला झोप लागते. एवढं मला ठाऊक आहे."

त्या उत्तरातील नम्रता मला लागली. माझ्या उत्तरात ती नव्हती. मला वाटले होते की एक ठेव हातातून निसटल्याचे दुःख होईल. झालेही, ते अजून पुरते गेलेले नाही. आता रात्री नाकावर मुखवटा बांधून, यंत्राची हवा घेत मी झोपतो, आणि पहाटे जपाला बसलो की माळ हातातून घसरत नाही. एकशे आठ मणी पूर्ण होतात. मन मात्र त्या एकशे आठांत शंभर ठिकाणी हिंडून येते, आणि मी प्रथमच ते हिंडताना पाहतो. हे आधीच्यापेक्षा कमी आहे की अधिक, याचा निर्णय मी करीत नाही.

पण त्या दिवशी दवाखान्यात हा विचार करायला वेळच मिळाला नाही. कारण लगेच डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गाडी चालवता का?"

"स्कूटर सोडून सहा वर्षे झाली."

"बरं झालं. उपचार सुरू होईपर्यंत अशा माणसानं चाकामागं बसूच नये. डोळे उघडे असतात आणि दोन-चार सेकंद माणूस झोपतो. रस्त्यावर तेवढे पुरतात."

मला खांबाला टेकलेली ती हनुवटी दिसली. ती आखूड मान, म्हशीचा फुसकारा, आणि माझ्या पायांवर ठेवलेले डोके.

त्यांचे घर मला माहीत नव्हते. बस सकाळी सहाला चौकातून सुटते, एवढे ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी जप तसाच ठेवून मी काठी घेऊन निघालो. ते बसच्या दाराशी उभे राहून चहा पीत होते. मला पाहून त्यांनी लगबगीने पेला खाली ठेवला.

"अरे बापा! गुरुजी, तुम्ही इथं काहून?"

मी सगळे सांगितले. दवाखाना, कागद, रेषा. शेवटी म्हणालो, "त्या रविवारी मी तुम्हाला जे सांगितले ते चुकीचे होते. हा आजार आहे. मला आहे, आणि बहुधा तुम्हालाही. तपासून घ्या. तोवर गाडी चालवू नका."

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिले. कामगार एकेक करून चढत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोला ना, गुरुजी. कोणी आइकलं त सुपरवायझरले सांगते. उद्याच दुसरा बसवतीन माह्या जागी."

"मी त्यांच्याशी बोलेन."

"तुम्ही बोललेच त होते!" त्यांचा आवाज चढला आणि पुन्हा उतरला. "तुमच्या भरोशावर मी बायकोचं तोंड बंद केलं. गुरुजी म्हणते, पुण्य हाय, हात नको लावू. तवापासून ते एक शबद बोलली नाही. आता तुम्हीच म्हणता का बिमारी हाय. मंग तवा काहून सांगतलं तसं?"

याला माझ्याकडे एकच उत्तर होते. "माझ्या बाबतीत ते खरे असावे, अशी माझी फार इच्छा होती. म्हणून."

त्यांनी पेल्यातला उरलेला चहा ओतून दिला. मग गाडीवर चढले. "टाइम झाला. मले झोप नाही येत गाडीवर. वीस साल झाले, एक घासली नाही." दुसऱ्या बाजूने दोघा कामगारांनी पत्र्यावर थाप मारली, "चला ना भाऊ, हजेरीचं पंचिंग हुकते!"

मी काय करावे हे ठरविलेले नव्हते. मी पायरीवर काठी टेकली आणि वर चढलो. चालकाच्या डाव्या हाताला इंजिनाच्या झाकणालगत एक आसन असते, त्यावर बसलो.

"हे काय, गुरुजी?"

"मी येतो बरोबर. तुमचा डोळा लागला तर हाक मारीन."

मागून कुणीतरी म्हणाले, "बाबाजी बी ड्यूटीवर! कोणत्या खात्यात लागले जी?"

"माह्यावर पहारा कराच्या खात्यात," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली. हसले नाहीत.

वर्धा रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांच्याकडे एकटक पाहत होतो. ते ताठ बसले होते. एकदा त्यांनी खिडकीबाहेर तोंड काढून वारा घेतला, एकदा गालावर स्वतःच चापट मारली, आणि मी पाहतो आहे हे पाहून डास हाकलल्यासारखे केले. इंजिनाची ऊब पायांना लागत होती. सूर्य डावीकडून वर येत होता. मनात मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली, डोळे मिटू नयेत म्हणून.

कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवीत होते.

"गुरुजी! अजी गुरुजी!"

गाडी उभी होती. समोर कारखान्याचे फाटक होते. सगळे कामगार उतरून गेले होते, आणि ते गृहस्थ माझ्यापुढे वाकले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण कोठे आहोत हे कळायला मला वेळ लागला. कळले तेव्हा काय झाले तेही कळले. पहाऱ्यावर बसलेला मीच झोपलो होतो.

"पाणी घ्या," ते म्हणाले.  मग ते समोरच्या आसनावर बसले.

"खापरीच्या अलीकडं लागले तुम्ही घोराले. पोट्टे हासून राहिले होते. मी बी हासलो. मंग फाटकाजवळ लाइन होती, गाडी उभी केली, त तुमचा आवाजच बंद. म्या पाह्यलं. छाती हालते, पोट हालते, पण हवा नाही जात. तोंड उघडं. मले वाटलं, गेले. माह्या गाडीत गेले गुरुजी. हात लावाले गेलो, त तुमचंच बोलणं याद आलं. हलवू नये. हात इथंच राह्यला." त्यांनी आपला हात हवेत अर्ध्यावर धरून दाखविला. "मंग लागला एकदम फुसकारा. पण तेवढा येळ... गुरुजी, तेवढा येळ लय होते."

"होय," मी म्हणालो. "माझी पत्नी त्यात एकतीस वेळा देवाचे नाव घेते."

त्यांनी मान खाली घातली. मग खिशातून फोन काढला आणि लावला. फोन कानाशी होता, पण पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. एवढ्या सकाळी कामावरून फोन आला म्हणून ती बाई आधीच घाबरली होती.

"काय झालं जी? गाडी ठोकली का?"

"नाही वं. काही नाही झालं. एक इचाराचं होतं." ते थांबले. "माहा श्वास थांबते, म्हणत होती ना तू. किती येळ थांबते?"

 "आता काहून इचारता? तुम्हीच त म्हणाले, बोलाचं नाही."

"आता बोल म्हणतो."

"मी उठून बसते," ती म्हणाली. "तुमच्या नाकापाशी हात धरते. कधी कधी त हात दुखून येते माहा."

त्यांनी डोळ्यांवर पालथा हात फिरविला. "आजपासून उठवत जाय मले. जोरात हलव. शिव्या घातल्या तरी हलव. अन् आज दुपारी तयार राहा, दवाखान्यात जाचं हाय. तूच सांगजो तिथं. मी त झोपलेला राहतो, मले काय माहीत!"

फोन ठेवून त्यांनी किल्ली काढली, क्षणभर तळहातावर तोलली, आणि उतरून फाटकाशेजारच्या ऑफिसकडे गेले. मीही बरोबर जायला उठलो, पण त्यांनी हाताने थांबविले. काचेतून ते उभे दिसत होते, हात मागे बांधलेले, आणि टेबलामागचा माणूस काही विचारीत होता. ते सुमारे दहा मिनिटांनी परत आले. हातात किल्ली नव्हती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा. मंग पाहू."

"पाहू म्हणजे?"

"म्हंजे पाहू." ते थकून हसले. "वीस सालात पहिल्यांदा मी मांगं बसून जाणार हाय, गुरुजी. या, खिडकी तुम्हाले देतो."

रात्रपाळीचे कामगार परत नेण्यासाठी तीच बस उभी होती. एक तरुण, सडपातळ बदली चालक किल्ली फिरवीत आला, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि गाडी काढली. मी खिडकीशी बसलो, ते माझ्या शेजारी. पुढच्या बाकांवर रात्रभर मागावर उभे राहिलेले लोक एकमेकांच्या खांद्यांवर कलंडत होते. ते गृहस्थ काही वेळ चालकाच्या पाठीकडे, त्याच्या गिअर बदलणाऱ्या हाताकडे बारकाईने पाहत राहिले. एकदा त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबल्यासारखा पत्र्यावर रुतला.

"बरा चालवते," ते पुटपुटले.

मी त्यांना सांगितले की माझा डोळा लागला आणि आवाज बंद झाला, तर बेधडक हलवावे. त्यांनीही मला तेच सांगितले. या करारानंतर आधी कोण झोपले, ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. खापरी मागे पडली तेव्हा त्या गाडीत जागा असा एकच माणूस होता, आणि गाडी तो चालवीत होता.